पिचर मुलीचा खांदा : सामन्याआधीची चाळीस मिनिटे

शालेय क्रीडा स्पर्धांचे दिवस आले की आमच्या वस्तीतील विहारामागच्या मोकळ्या जागेत संध्याकाळी मुलींचा गलका सुरू होतो. पूर्वी तेथे फक्त मुलांचे क्रिकेट चाले. आता मुली सॉफ्टबॉल खेळतात. कुणाची आई शेतमजुरीला जाते, कुणाचे वडील ऑटो चालवितात, कुणी मोठ्या बहिणीचे जुने बूट पुढे कापूस कोंबून घालते. या मुलींनी स्वतःच्या हिमतीवर जिल्हा आणि विभागापर्यंत मजल मारली आहे. समाज म्हणून आपण त्यांचे सत्कार करतो, शाल-पुष्पगुच्छ देतो, फोटो छापून आणतो. पण सामन्याच्या दिवशी सकाळी या मुली कोणत्या अवस्थेत मैदानावर उतरतात, इकडे आपले लक्ष नसते. आमचेही नव्हते. त्याची किंमत एका मुलीने मोजली, म्हणून हे लिहीत आहोत.

ज्या वाचकांना हा खेळ परिचित नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. सॉफ्टबॉलचा जन्म १८८७ साली अमेरिकेतील शिकागो शहरात झाला. काही तरुणांनी बॉक्सिंगचा ग्लोव्ह दोरीने आवळून त्याचाच चेंडू केला, झाडूच्या दांड्याची बॅट केली आणि बंद सभागृहात बेसबॉलसारखा खेळ मांडला. नाव सॉफ्टबॉल असले तरी आजचा चेंडू मऊ मुळीच नसतो. बारा इंच घेराचा हा चेंडू क्रिकेटच्या चेंडूपेक्षा मोठा आणि जड असतो. साधारण १८० ते २०० ग्रॅम भरतो. तो टाकणारीला पिचर म्हणतात. मोठ्या महिलांच्या सामन्यात ती ४३ फुटांवरून टाकते, लहान गटांत अंतर कमी ठेवतात. चेंडू खांद्यावरून टाकायचा नसतो. हात पवनचक्कीच्या पात्यासारखा पूर्ण गोल फिरवून मांडीजवळून सोडायचा असतो.

आता क्रिकेट पाहणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. क्रिकेटमध्ये सहा चेंडू टाकले की गोलंदाज बदलतो, त्याला श्वास घ्यायला मिळतो. सॉफ्टबॉलमध्ये तसे नाही. सात इनिंगच्या सामन्यात बदली केली नाही तर समोरच्या संघाला पडणारा प्रत्येक चेंडू एकच मुलगी टाकते. आणि आपल्याकडच्या बहुतेक शाळांच्या संघांत चांगली पिचर एकच असते. सकाळचा सामना तिचाच, दुपारचाही तिचाच, आणि संघ जिंकत गेला तर संध्याकाळचाही तिचाच.

२०१९ सालच्या हिवाळ्यातील गोष्ट. विभागीय स्पर्धेसाठी आमच्या मुली पहाटे चार वाजता जीपगाडीने निघाल्या. सोबत सर होते आणि कार्यकर्ते म्हणून आम्ही होतो. वऱ्हाडातील डिसेंबरची थंडी, गाडीच्या काचा नीट बंद होत नव्हत्या. आमची पिचर, नववीतील मुलगी, खिडकीला चिकटून अडीच तास बसली होती. उजवा हात गार वाऱ्यात. वाटेत चहा-टोस्ट झाला तेवढाच. मैदानावर पोहोचलो तो आमच्या संघाचा पुकारा झालेला. मुलींनी बूट बांधले, एक फेरी धावल्या आणि उभ्या राहिल्या. पिचरला अंपायरने नियमाप्रमाणे चार-पाच सरावाचे चेंडू टाकू दिले. तेवढाच तिचा वॉर्मअप. पहिला सामना आम्ही जिंकला. दुसराही जिंकला. तिसऱ्याच्या चौथ्या इनिंगमध्ये ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, "काका, हात वर जाऊन नाही राहिला."

आम्ही काय म्हणालो? "थोडी कळ काढ, बाई. दोन-तीनच इनिंग राहिल्या."

तिने कळ काढली. सामना हरलाच. दुसऱ्या दिवशी तिला स्वतःची वेणी घालता येईना. डॉक्टरांनी तपासले; खांद्याच्या पुढच्या बाजूला, जेथे दंडाचा स्नायू हाडाला धरून असतो, तेथे सूज होती. सहा आठवडे चेंडूला हात लावायचा नाही असे सांगितले. त्या वर्षीची पुढची निवड चाचणी हुकली. तिची आई आमच्या घरी आली, बसली नाही, दारातूनच म्हणाली, "भाऊ, पोरीनं तुमाले सांगतलं होतं नं?" या प्रश्नाला आमच्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

या प्रसंगानंतर आम्ही विचारपूस सुरू केली. आम्ही काही क्रीडाशिक्षक नव्हे, कारकुनी करणारा माणूस. पण शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेल्या एका ताईंनी आम्हाला बसवून समजावले. सर्वांत आधी त्यांनी एक गैरसमज काढला. आपल्याकडेच नव्हे, अमेरिकेतही अनेक वर्षे असे मानले जाई की खालून चेंडू टाकणे ही हाताची नैसर्गिक हालचाल आहे, त्यामुळे सॉफ्टबॉलच्या पिचरचा हात कधी दुखत नाही आणि ती वाटेल तितके चेंडू टाकू शकते. बेसबॉलमध्ये वरून टाकणाऱ्या लहान मुलांसाठी लिटल लीग या अमेरिकन संस्थेने २००७ साली चेंडूंची मर्यादा घातली. खालून टाकणाऱ्या मुलींची तशी चिंता कुणी केली नाही. पण शास्त्रज्ञांनी पिचर मुलींच्या हालचाली कॅमेऱ्यांनी मोजल्या तेव्हा वेगळेच दिसले. हात गोल फिरत असताना खांद्याच्या सांध्यावर जो ओढा बसतो तो मुलीच्या स्वतःच्या वजनाच्या जवळपास जातो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर दंडाच्या पुढच्या स्नायूला वरून फेकण्यापेक्षा या पवनचक्कीच्या फेकीत जास्त काम पडते असे आढळले. आमच्या मुलीचे दुखणे नेमके त्याच जागी होते.

शेतावर वाढलेल्या वाचकांना हे लगेच समजेल. ज्वारीतील पाखरे हाकलताना गोफण गरगर फिरविली की दगड हाताला बाहेर ओढतो. पिचरच्या बाबतीत तिचा हातच गोफणीची दोरी असतो आणि ती दोरी खांद्याला बांधलेली असते. गार, आखडलेल्या खांद्याने अशी गोफण दिवसभर फिरविली तर काय होणार?

ताईंची दुसरी शिकवण आम्हाला अधिक मोलाची वाटली. पिचिंगची ताकद हातातून येत नाही, पायांतून आणि कमरेतून येते. मागचा पाय पिचिंग प्लेटला रेटा देतो, पुढचा पाय लांब पडतो, कंबर फिरते आणि शेवटी हात चाबकासारखा सुटतो. मांड्या आणि कंबर थंड असतील तर ते काम खांद्याला एकट्याने ओढावे लागते. म्हणून पिचरच्या वॉर्मअपची सुरुवात हातापासून करायची नाही, पायापासून करायची.

आता आमच्या मुली काय करतात ते सांगतो. सामन्याच्या वेळेआधी चाळीस-पंचेचाळीस मिनिटे पिचर आणि तिची कॅचर वेगळ्या होतात. प्रथम पाच-सात मिनिटे हलके धावणे, अंगाला घामाची ओल येईपर्यंत. थंडीत यास जास्त वेळ लागतो, सप्टेंबरच्या उन्हात दोन फेऱ्यांत काम होते. मग चालता चालता लांब पाऊल टाकून कंबर दोन्हीकडे वळविणे, पाय पुढे-मागे झुलविणे, हात लहान वर्तुळापासून मोठ्या वर्तुळापर्यंत दोन्ही दिशांनी फिरविणे. आमच्या शाळेत आम्ही एका जागी उभे राहून पायाचे अंगठे धरायचो आणि वीस आकडे मोजायचो. तसे ताणून धरणे सामन्याआधी नको, असे ताईंचे सांगणे. बराच वेळ ताणून धरलेला स्नायू काही काळ ढिला पडतो. ते सामना संपल्यावर करावे.

खांद्यासाठी रबरी पट्ट्यांचे व्यायाम असतात. विकतच्या पट्ट्या महाग, म्हणून आम्ही सायकलची जुनी ट्यूब कापून घेतली. ट्यूब खांबाला अडकवायची, कोपर बरगडीला टेकवायचे आणि हात सावकाश बाहेरच्या बाजूस ओढायचा, दहा-बारा वेळा. मग दोन्ही हातांनी पाण्याचा दोर ओढल्यासारखे मागे ओढायचे. यात जोर लावायचा नाही. खांद्यामागचे लहान स्नायू जागे व्हावेत एवढाच हेतू. फेकलेल्या हाताला शेवटी तेच आवरतात.

यानंतर चेंडू हातात. आधी कॅचरबरोबर वरून साधी फेकाफेकी, जवळून सुरू करून हळूहळू लांब. पिचरलाही आलेला चेंडू उचलून पहिल्या बेसवर वरूनच फेकावा लागतो, हे पुष्कळजण विसरतात. मग पिचिंग, पण तुकड्या-तुकड्यांनी. आठ-दहा फुटांवरून नुसता मनगटाचा झटका. त्यानंतर हात खांद्याच्या रेषेपर्यंत मागे नेऊन अर्धे वर्तुळ. त्यानंतर उभ्या जागी पूर्ण वर्तुळ. मग पाऊल टाकून, तीस फुटांच्या आसपास, अर्ध्या जोराने. सर्वांत शेवटी पूर्ण अंतरावर. प्रथम सरळ वेगाचा चेंडू मध्यावर, मग आतला-बाहेरचा कोपरा, मग चेंज-अप म्हणजे हात वेगात आणि चेंडू हळू असा फसवा चेंडू. शेवटचे पाच-सहा चेंडू सामन्याच्या जोराने. त्या वेळी एक मुलगी हेल्मेट घालून बॅट घेऊन उभी राहते, मारत नाही. कॅचरने सरावातही तोंडावर मास्क घालावाच. "एवढ्यासाठी कशाला" म्हणून तो न घालणाऱ्या मुली आम्ही पाहिल्या आहेत, आणि सुजलेला ओठही पाहिला आहे.

चाळीस-पन्नास चेंडूंत हे सारे आटोपते. अति करणेही वाईट. कोरोनामुळे दोन वर्षे स्पर्धा झाल्या नाहीत. २०२२ साली पुन्हा सुरू झाल्या तेव्हा आम्ही पूर्वीच्या चुकीला घाबरून दुसरे टोक गाठले. नवी पिचर घाबरलेली होती, आम्हीही. तिने सामन्याआधीच शंभरावर चेंडू टाकले आणि तिसऱ्या इनिंगमध्ये तिचे पाय थरथरू लागले. त्या वेळी आम्हाला विहारात ऐकलेली सोण भिक्खूची गोष्ट आठवली. तो चंक्रमण करता करता पाय रक्तबंबाळ करून घेतो, तेव्हा तथागत त्याला वीणेच्या तारांविषयी विचारतात. फार ताणलेली तारही नीट वाजत नाही, फार सैल सोडलेलीही नाही. ही गोष्ट आम्ही कितीतरी प्रवचनांत ऐकली होती. तिचा उपयोग सॉफ्टबॉलच्या मैदानावर होईल असे वाटले नव्हते.

वॉर्मअप सामना सुरू होण्याच्या पाच-दहा मिनिटे आधी संपावा आणि लगेच स्वेटर किंवा पूर्ण बाहीचा शर्ट अंगात घालावा. आपला संघ आधी बॅटिंगला असेल आणि ती इनिंग लांबली तर पिचरने बसून राहू नये. कडेला चार-सहा चेंडू टाकत राहावे. जागा नसेल तर मोज्यांचा गोळा करून भिंतीवर मनगटाचा झटका मारला तरी चालतो. उशीर झाला असेल तर काय, हा प्रश्न आम्हाला पालक विचारतात. उशीर झाला असेल तर पायांचा आणि खांद्याचा भाग सोडू नये, फसव्या चेंडूंचा सराव सोडावा. आणि पहिल्या इनिंगमध्ये पूर्ण जोर लावू नको असे मुलीला स्पष्ट सांगावे. खरा उपाय मात्र आदल्या रात्रीचा आहे. गाडी एक तास आधी काढणे. आमच्याकडे गाडीवाल्याशी भाड्याची घासाघीस करण्यात जो वेळ जातो त्यात मुलींचा वॉर्मअप बुडतो.

पोटाचेही पाहिले पाहिजे. उपाशी पोटी अंग मोकळे होत नाही. दोन तास आधी पोहे किंवा भाजी-पोळी, मग सामन्यांच्या मध्ये केळे, शेंगदाणे-गूळ आणि घोट घोट पाणी. मैदानावर मुलींसाठी स्वच्छतागृह नसते म्हणून मुली पाणीच पीत नाहीत, ही गोष्ट आम्हाला एका आईने सांगितली तेव्हा कळली. पाळीच्या दिवसांत मुलगी सांगायला लाजते आणि सोबत सगळे पुरुष असतात. आता आम्ही प्रत्येक दौऱ्यावर महिला मंडळातील एका ताईंना सोबत नेतो. त्यांच्या भाड्याची वर्गणी वेगळी काढतो.

येथे काही मंडळी आम्हाला जपानच्या युकिको उएनो हिचे उदाहरण देतात. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तिने एकाच दिवशी दोन सामने खेळून ३१८ चेंडू टाकले, दुसऱ्या दिवशी अंतिम सामना टाकला, एकूण ४१३ चेंडू, आणि अमेरिकेला हरवून जपानला सुवर्णपदक मिळवून दिले. पराक्रम मोठा, वाद नाही. पण ती तेव्हा २६ वर्षांची, पूर्ण वाढ झालेली, वर्षानुवर्षे तयारी केलेली खेळाडू होती. आमची मुलगी चौदा वर्षांची, पहाटे चहा-टोस्टवर निघालेली. आणि त्याच उएनोने टोकियो ऑलिंपिकच्या २०२१ मधील अंतिम सामन्यात, वयाच्या ३९ व्या वर्षी, पुन्हा सुवर्णपदक मिळविले. त्या वेळी सहाव्या इनिंगच्या सुमारास तिला उतरवून विसाव्या वर्षातील मिउ गोतो हिला आणले गेले आणि सातव्या इनिंगला उएनो परत आली. जपानसारख्या संघालाही दुसरी पिचर तयार ठेवावी लागते. ४१३ चा आकडा सांगणारे हे सांगत नाहीत.

अमेरिकेतील क्रीडावैद्यक डॉक्टरांच्या सूचनेप्रमाणे तेरा-चौदा वर्षांच्या मुलीने एका सामन्यात सुमारे ८० आणि एका दिवसात सुमारे ११५ चेंडूंच्या वर जाऊ नये. आम्ही हा आकडा धरून चालतो. हिशेब ठेवणे ही आमची रोजची नोकरीच आहे, म्हणून एक वही केली. त्यात तारीख, मुलीचे नाव, वॉर्मअपचे चेंडू, प्रत्येक इनिंगचे चेंडू आणि शेवटी एक रकाना : "दुखले का? कोठे?" मांड्या, पाठ भरून येणे हे श्रमाचे लक्षण, रात्रीच्या झोपेने जाते. पण खांद्याच्या पुढच्या बाजूला टोचणे, हात वर नेताना अडणे, बोटांना मुंग्या येणे असे लिहिले गेले की त्या दिवशी पिचिंग बंद, मग समोर अंतिम सामना असो.

सरांना सुरुवातीला ही वही आवडली नाही. "आम्ही खेळलो तेव्हा कोण मोजत होते?" असे ते म्हणाले. आम्ही त्यांना सांगितले, सर, आपल्या बापजाद्यांनी गिरणीत आणि खाणीत काम केले तेव्हाही तास कोणी मोजत नव्हते. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि १९४६ साली कारखाना कायद्यात आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आणणारी दुरुस्ती त्यांनीच मांडली. मोजल्याशिवाय मर्यादा घालता येत नाही. सर हसले, पण पुढच्या सामन्यापासून वही स्वतः धरू लागले.

अडचण आणखी एका ठिकाणी आहे आणि ती आपल्या घरातली आहे. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे. कोणता खेळ, कोणती पातळी, कोणता क्रमांक धरला जातो हे प्रत्येकाने शासन निर्णय काढून वाचावे, ऐकीव माहितीवर जाऊ नये. पण या प्रमाणपत्राची आशा घराघरांत आहे आणि ती चूक म्हणता येणार नाही. एका प्रमाणपत्राने घराचे दारिद्र्य फिटू शकते, हे कार्यालयात बसून आम्ही पाहतो. त्याच आशेपोटी बाप मुलीला म्हणतो, आजचा दिवस सहन कर. आईने आयुष्यभर पाठदुखी सहन केलेली असते, तिलाही त्यात वावगे वाटत नाही. आम्हीही तेच म्हणालो होतो.

ती मुलगी बरी झाली. पण पिचिंगला ती परतली नाही. पहिल्या बेसवर खेळली आणि आता महाविद्यालयात शिकते. सुटीत गावी असली की सकाळी मैदानावर येते. गेल्या मोसमात जिल्हा स्पर्धेच्या दिवशी तीच लहान पिचरला घेऊन कडेला उभी होती, सायकलची ट्यूब लिंबाच्या झाडाला बांधून. वॉर्मअपचे ४४ चेंडू झाले. पहिला सामना ६८ चेंडूंत जिंकला. दुसऱ्यात ४० वर तिने सरांकडे पाहून बोट वर केले, आणि सरांनी दुसऱ्या मुलीला चेंडू दिला. तो सामना आम्ही दोन धावांनी हरलो. वहीत त्या दिवशीच्या शेवटच्या रकान्यात तिने स्वतः लिहिले आहे : "पाय दुखले. खांदा नाही."